केतकीचे सात प्रश्न

“अक्का, यात दाणे आहेत का?”

रस्त्याकडेच्या वडाखाली शेगडी मांडलेली, तीवर उपम्याचं पातेलं, समोर बत्तीस माणसं ताटल्या घेऊन उभी, आणि ही वीस वर्षांची काटकुळी पोरगी मोबाईल हातात धरून मला विचारत होती.

“नाहीत,” मी म्हणाले.

“कूट?”

“उपम्यात कूट कोण घालतं गं?”

“फोडणीचं तेल कुठलं?”

“सूर्यफुलाचं. मालक शेंगतेल देतात होय आम्हाला!”

ती हसली नाही. मोबाईलवर बोटाने खुणा करत राहिली. “आणि ही पळी? ही आधी दुसऱ्या कशात घातली होती का?”

आता मात्र माझं डोकं फिरलं. “ए बाई, तू उपमा खायला आलीस की माझी उलटतपासणी घ्यायला?”

तिच्या मागे रांगेत तडवळकर वकील उभे होते. ते म्हणाले, “अक्का, उलटतपासणी हा माझा धंदा. या पोरीने पहिल्याच दिवशी पळवला.” सगळी रांग हसली. पोरगी कानापर्यंत लाल झाली, पण हलली नाही. पळीचं आणि पुढच्या तीन प्रश्नांचं उत्तर मिळाल्यावरच तिने ताटली पुढे केली.

मी तेव्हा सोलापूरच्या एका यात्रा कंपनीत आचारी होते. बस निघाली की तिच्या डिकीत माझं स्वयंपाकघर निघायचं. परमुलुखातही आपल्या चवीचं जेवण मिळतं म्हणून लोक ही कंपनी धरायचे, आणि ती चव म्हणजे मी, गिरिजा हत्तुरे. सव्वीस वर्षांत माझ्या हातचं खाऊन कोणी आजारी पडलं नव्हतं, आणि हे मी कोणी न विचारता सांगत असे.

ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीच्या सौराष्ट्र यात्रेची. नऊ दिवसांची यात्रा होती. बस सुटायच्या आधी केतकीच्या आईने माझे दोन्ही हात धरले होते. “अक्का, केतकीला शेंगदाणा चालत नाही. चुकून पोटात गेला तर घसा सुजतो, श्वास कोंडतो. दोनदा मरणाच्या दारातून परत आणलंय तिला. पहिल्यांदाच एकटी पाठवतेय.”

मी मान डोलावली आणि कणकेची पोती मोजायला लागले. खरं सांगायचं तर मी ते मनावर घेतलं नाही. ‘मला वांगं चालत नाही’ म्हणणारी आणि भरीत दिसलं की दोनदा वाढून घेणारी माणसं मी आयुष्यभर बघत आले होते. शिवाय सोलापूरची मुलगी आणि तिला शेंगा चालत नाहीत! माझ्या डिकीत स्वतः उखळात कुटलेली पाच किलो शेंगाचटणी होती. आमच्याकडे कूट हा वेगळा जिन्नस मानतच नाहीत. भाजी झाली की वरून चिमूटभर कूट पडतं, कोशिंबिरीत पडतं, आमटी पातळ झाली तर तिच्यात पडतं. माझा कुटाचा डबा कायम उजव्या हाताला असायचा आणि त्याला झाकण क्वचितच लागायचं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. सकाळी सात प्रश्न, दुपारी सात प्रश्न, संध्याकाळी सात. मी रेणुकाला, म्हणजे माझ्या हाताखालच्या बाईला, मोठ्याने म्हणाले, “बघ गं, मोबाईलला विचारून जेवणारी माणसं आली आता.” केतकीने ते ऐकलं. जेवण झाल्यावर ती ताटली धुऊन माझ्याशेजारी येऊन बसली.

“अक्का, तुम्हाला राग येतो ना माझा?”

“राग कशाला? पण सव्वीस वर्षं स्वयंपाक करते मी.”

“माझी आईसुद्धा वीस वर्षं माझ्यासाठीच करतेय. तरी दोनदा चुकलं,” ती म्हणाली. “मला बंगळूरला शिकायला जायचंय. आई म्हणते, घराबाहेर तू जेवणार कशी? हे नऊ दिवस मी नीट राहिले तर ती पाठवणार आहे. काही झालं, तर संपलंच.”

मग तिने मला तो मोबाईल दाखवला. पुड्यावरच्या काळ्या रेघांवर तो धरला की आत काय काय घातलंय ते लिहून यायचं. एका ठिकाणी गुजरातीत चिठ्ठी तयार होती, हॉटेलवाल्याला दाखवायला. एक लाल बटण होतं. ते दाबलं की मोबाईल ओरडायला लागायचा, आपण कुठे आहोत ते आईला कळवायचा आणि सगळ्यात जवळचा दवाखाना दाखवायचा. कमरेच्या पिशवीत पेनासारखं एक इंजेक्शन होतं, तिच्या मामाने परदेशातून आणलेलं. आणि एक नकाशा होता. त्यावर हिरव्या खुणा होत्या.

“ही काय देवळं आहेत?”

“नाही अक्का, ही जेवायची ठिकाणं. माझ्यासारखं कोणी तिथे जेवलं आणि नीट राहिलं, की ते लिहून ठेवतं. पुढचा माणूस त्याच्या भरवशावर जातो.”

“मग माझं नाव घाल की त्यात!”

ती पहिल्यांदाच हसली. “तुमचं स्वयंपाकघर चाकांवर आहे. खूण कुठे करू?”

तरीही मला ते सगळं पोरखेळच वाटत होतं. ते तिसऱ्या दिवशी बदललं. जुनागढच्या अलीकडे बस एका फरसाणाच्या दुकानापाशी थांबली आणि आमची माणसं गाठ्यांवर तुटून पडली. केतकी शांतपणे दुकानदाराकडे गेली आणि तिने ती गुजराती चिठ्ठी पुढे केली. म्हाताऱ्याने चष्मा लावला. एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. त्याने काउंटरवरच्या बरणीचं झाकण घट्ट लावलं, आत जाऊन साबणाने हात धुऊन आला आणि हात जोडून म्हणाला, “ना बेन, ना. इथलं सगळं सिंगतेलात, शेंगदाण्याच्या तेलात तळलेलं.” मग फडताळातून पाण्याची सीलबंद बाटली काढून, फडक्याने पुसून, तिच्या हातात दिली.

मी गाठ्यांचा पुडा घेऊन उभी होते. ज्या माणसाची तिच्याशी पाच मिनिटांची ओळख नव्हती त्याने हात धुतले होते. मी तीन दिवस तिला जेवू घालत होते आणि मला ते एकदाही सुचलं नव्हतं. मला लाज वाटली. पुडा मी रेणुकाच्या हातात दिला.

त्या संध्याकाळी मी डिकीतून एक लहान कढई काढली, घासली, उकळत्या पाण्याने विसळली. एक पळी घेतली आणि दोन्हींना लाल दोरा बांधला. रेणुकाला सांगितलं, “याला हात लावलास तर बघ. ही केतकीची.” तिचं जेवण मी सगळ्यांच्या आधी करायला लागले, हात दोनदा धुऊन. आणि ती प्रश्न विचारायला आली की मी आधीच तयार असायचे.

“दाणे?”

“नाही.”

“कूट?”

“नाही.”

“पळी?”

“लाल दोऱ्याची!”

चौथ्या दिवशी तर मी तिला म्हणाले, “काय करलालीस गं तिकडे? ये, परीक्षा घे लवकर, भात निवतोय.” मला त्या प्रश्नांची चटक लागली होती. रोज सगळी उत्तरं बरोबर यायची आणि मी शेगडीमागे ताठ होऊन उभी राहायचे. केतकीच्या आईचा फोन जेवणाच्या वेळी यायचाच. केतकी सांगायची, “आई, अक्कांनी वेगळी कढई केलीय माझ्यासाठी,” आणि मी ऐकत नाही असं दाखवून सगळं ऐकायचे.

सहाव्या दिवशी आम्ही द्वारकेत होतो, आणि त्या दिवशी एकादशी होती.

मला स्वतःला एकादशी नसते, माझा सोमवार. पण यात्रेतल्या निम्म्याहून जास्त माणसांना होती, आणि द्वारकेत आलोय म्हटल्यावर उरलेल्यांनीही धरली. एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, आणि उपासाची बटाट्याची भाजी. आमच्याकडे उपासाला दाणे सुटत नाहीत. सकाळी धर्मशाळेच्या अंगणात मी तीन किलो दाणे भाजले, तेव्हा केतकीला मुद्दाम देवळाकडे पाठवलं. कूट करून डबा भरला. मग अंगण झाडून घेतलं, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तिची लाल दोऱ्याची कढई चढवली. बटाट्याची भाजी, जिरं-मिरचीची, वर ओलं खोबरं.

दुपारी सगळे अंगणात पंगतीने बसले. केतकी शेवटी आली. मी तिचं ताट वाढून स्वतः तिच्यापुढे नेऊन ठेवलं. तिने पिशवीतून मोबाईल काढला, तेवढ्यात वकील म्हणाले, “अगं केतकी, आज एकादशी आहे. आज मोबाईललाही उपास घडव की!”

पंगत खो खो हसली. माणूस वाईट नव्हता, त्यांची जीभच तशी. पण पोर वरमली. तिने मोबाईल परत पिशवीत ठेवला.

“राहू द्या अक्का,” ती हळूच म्हणाली. “पाच दिवस विचारतेय. तुमच्यावर माझा विश्वास आहे.”

तिने बटाट्याची फोड उचलली.

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. बत्तीस माणसं एका जागी बसलेली, वकील हसतायत, आणि आज, नेमका आज, मला पैकीच्या पैकी गुण मिळवून दाखवायची संधी ही पोरगी घालवत होती. मला सगळ्यांना ऐकवायचं होतं की उपासाच्या दिवशीसुद्धा गिरिजा हत्तुरेच्या कढईत दाणा नाही.

“थांब,” मी म्हणाले. “विचार.”

“अक्का, खरंच राहू द्या.”

“खाली ठेव ती फोड. रोज विचारतेस तसं विचार. वकीलसाहेबांनाही ऐकू दे. माझ्या हातून हिच्या ताटात दाणा गेला ना, तर मी पळी खाली ठेवीन, कायमची!”

तिने फोड ताटात ठेवली, बोटं पुसली, मोबाईल काढला.

“दाणे?”

“नाही,” मी पंगतीकडे बघत म्हणाले.

“कूट?”

“नाही.”

तेल, पळी, कढई, हात. सगळ्यांची उत्तरं मी खणखणीत दिली. पंगत गप्प होऊन ऐकत होती. शेवटचा, सातवा प्रश्न नेहमीचाच होता.

“भाजी कशी केली, पहिल्यापासून सांगा. डबे ज्या क्रमाने उघडले त्या क्रमाने.”

मी पदर खोचला आणि कढई पुढ्यात असल्यासारखे हात करून सांगायला लागले. “तेल घातलं. जिरं. मिरची. बटाटा. मीठ, इवलीशी साखर. झाकण ठेवलं. वाफ आली. झाकण काढलं. खोबरं. परतलं. आणि वरून...”

वरून काहीच नव्हतं. माझं सांगून झालं होतं. पण माझा हात थांबला नाही. तो आपणहून उजवीकडे गेला, तीन बोटं जुळली, परत आली, आणि कढईच्या जागेवर हलकेच झटकली.

मी माझ्या बोटांकडे बघत राहिले. उजवीकडे काय असतं ते मला ठाऊक होतं. सकाळी तो डबा तिथेच होता, काठोकाठ भरलेला, उघडा. बटाट्याची भाजी, एकादशी, सव्वीस वर्षं. मी घातलं होतं. घातल्याचं मला कळलंही नव्हतं, आणि पांढऱ्या खोबऱ्यात ते दिसतही नव्हतं.

आणि त्याच क्षणी डोक्यात आलं, ‘मीठ जास्त झालंय बाई, दुसरी करून देते,’ एवढं म्हटलं की झालं. मुलगी वाचेल, माझं नावही वाचेल. कोणाला काही कळणार नाही. शब्द जिभेवर आले होते.

केतकी माझ्याकडे बघत होती. मोबाईलवर बोट टेकवून, मी पुढच्या डब्याचं नाव सांगेन म्हणून थांबली होती.

“कूट,” मी म्हणाले. “वरून कूट घातलं मी. खाऊ नकोस.”

केतकीने ताट दोन्ही हातांनी लांब सारलं, उठली, नळावर जाऊन साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. मी तिच्या मागे गेले.

“खाल्लंस का? काही लागलं का ओठाला? एखादा कण?”

“नाही अक्का. तुम्हीच थांबवलंत ना.”

मी तिथेच नळापाशी बसले आणि रडले, सगळ्यांच्या देखत. ती फोड तिच्या तोंडाच्या किती जवळ होती ते मला अजून दिसतं.

वकील उठून आले. त्यांचा चेहरा उतरला होता. “अक्का, चूक माझी,” ते म्हणाले. मग पंगतीकडे वळून कोर्टात बोलावं तसे बोलले, “आजपासून या मुलीचे सात प्रश्न झाल्याशिवाय रांग हलणार नाही. मी पहिला उभा राहणार.” आणि पुढचे तीन दिवस ते तसेच उभे राहिले.

मी पळी खाली ठेवली होती. बोलले होते तसं करायचं होतं मला. केतकीने ती उचलून माझ्या हातात दिली.

“उठा. मला भूक लागलीय.”

“रेणुकाला सांगते.”

“मला तुमच्या हातचं पाहिजे.”

कुटाचा डबा रेणुकाने बसमध्ये नेऊन ठेवला. केतकीची कढई पुन्हा घासली, उकळत्या पाण्याने धुतली, नवा बटाटा चिरला. केतकी माझ्या उजवीकडे येऊन उभी राहिली, जिथे तो डबा असायचा बरोबर तिथे.

“आता इकडे हात आला, तर मला लागेल,” ती म्हणाली.

तो एकदा आला. तिच्या दंडाला लागला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

ती जेवत होती तेव्हा तिच्या आईचा फोन वाजला. मी तिचा हात धरला. “आईला सांगू नकोस गं. तुझं बंगळूर जाईल.”

“लपवून गेले तर या प्रश्नांना काय अर्थ राहिला, अक्का?” ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. फोड, डबा, बोटं, सगळं. मग आईने विचारलं ते मोबाईलमधून मलाही ऐकू आलं.

“चुकलंय हे तुला कोणी सांगितलं?”

“अक्कांनी. सगळ्यांसमोर.”

मग आई म्हणाली, “बरं. जेव आता, निवेल.”

त्या जूनमध्ये केतकी बंगळूरला गेली.

दोन वर्षांनी माझे गुडघे बोलायला लागले, मी यात्रा सोडल्या आणि सोलापुरात घराच्या पुढच्या खोलीत खानावळ काढली. पहिल्याच दिवशी केतकी बंगळूरहून आली. जेवायच्या आधी सात प्रश्न विचारले, पोटभर जेवली, आणि जाताना दाराचा फोटो काढून गेली. मला वाटलं, आठवण म्हणून काढला असेल.

गेल्या महिन्यात दुपारी एक अनोळखी जोडपं दारात आलं. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. नागपूरहून अक्कलकोटला निघाले होते. बाईच्या हातात मोबाईल होता आणि ती दारावरची पाटी आणि मोबाईल आळीपाळीने बघत होती.

“गिरिजाक्का तुम्हीच ना? आमच्या मुलीला दाणे चालत नाहीत. चार दिवस आम्ही बाहेर कुठे जेवलेलो नाही. नकाशावर या सगळ्या भागात ही एकच हिरवी खूण आहे.”

“माझी?”

“हो. सहा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलंय. बरेच लोक येऊन गेलेले दिसतात, त्यांनीही खाली लिहिलंय.” तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. माझा चष्मा आत राहिला होता. “वाचून दाखवते,” ती म्हणाली, आणि वाचलं.

“‘या अक्का चुकू शकतात. एकदा माझ्या ताटाच्या बाबतीत चुकल्या होत्या. पण चुकल्या तर बत्तीस माणसांसमोर स्वतः सांगतात. निर्धास्त जेवा.’”

मला आजवर खूप माणसांनी नावाजलं. भाकरीला नावाजलं, आमटीला नावाजलं, एका मोठ्या घरच्या लग्नात मला शालही मिळाली. ती शाल कुठे ठेवलीय ते मला आता आठवत नाही. ही चार वाक्यं मात्र मी त्या बाईकडून दोनदा वाचून घेतली.

मग मी आत गेले. फळीवरून कढई काढली. लाल दोरा पार विटला आहे, पण आहे. हात धुतले, पुन्हा धुतले, आणि बाहेर येऊन त्या लहान मुलीसमोर बसले.

“विचार गं,” मी म्हणाले. “पहिल्यापासून विचार.”